विकीची पाने आणून देणारे संगणकीय साधन : त्याचे माहितीपत्रक कसे असावे?

बियाणे, खत, पाणी आणि औषध या निविष्ठांइतकीच वेळेवर मिळालेली अचूक माहिती ही शेतीची महत्त्वाची निविष्ठा होय. आपल्या भागात ही निविष्ठा संगणकाद्वारे शेतकऱ्यापर्यंत नेण्याचा प्रयत्न नवा नाही. १९९८ मध्ये वारणानगर येथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. या केंद्रांचा शेतकऱ्यांनी सर्वांत जास्त उपयोग केला तो उसाच्या नोंदी, वजन आणि बिलाची माहिती पाहण्यासाठी. पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशाद्वारे हीच माहिती देण्याचा प्रयोगही झाला. जी माहिती ताजी, नेमकी आणि आपल्या शेताची असते तिचाच शेतकरी उपयोग करतो, हा या अनुभवाचा धडा आहे.

आता संगणकाशी मराठीत बोलून प्रश्न विचारता येतो. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे मोबाईल ॲप शेतकऱ्यांसाठी उपलब्ध केले. याखेरीज सर्वसाधारण वापराचे अनेक संगणकीय मदतनीस आज तरुण शेतकऱ्यांच्या मोबाईलवर आहेत. यांपैकी पुष्कळ मदतनीस उत्तर देण्यापूर्वी विकिपीडियासारख्या ज्ञानकोशातून पान मागवून घेतात. पान मागविण्याचे हे काम एक लहानसे साधन करते. ते साधन कसे काम करते, त्याचे माहितीपत्रक कसे असावे आणि शेतकऱ्याने त्यातून काय पडताळून पाहावे, याची माहिती या लेखात दिली आहे. कृषी पदवीधर, कृषी सेवा केंद्रचालक, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि ग्रामीण भागात ॲप तयार करणारे तरुण यांनाही ती उपयोगी पडेल.

विकी म्हणजे काय?

जे संकेतस्थळ वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येते, त्यास विकी म्हणतात. हा शब्द हवाई बेटांवरील भाषेतील असून त्याचा अर्थ 'जलद' असा आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये पहिले विकी सुरू केले. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकारास आलेल्या मराठी विश्वकोशात प्रत्येक नोंद तज्ज्ञ लिहितो व संपादक तपासतो. विकीवर मात्र कोणीही लिहितो आणि कोणीही दुरुस्त करतो. म्हणून विकीचे पान हे वाहत्या पाण्यासारखे असते. सकाळी पाहिलेले पान संध्याकाळी तसेच असेल, असे नाही. मात्र विकी प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. कोणता बदल कधी झाला हे 'इतिहास' या भागात पाहता येते आणि प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक असतो. हा क्रमांक पुढील विवेचनात फार महत्त्वाचा आहे.

मदतनीस आणि साधन यांतील फरक

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा जो कार्यक्रम प्रश्न समजून घेऊन स्वतःच पुढील पायऱ्या ठरवितो, त्यास 'एजंट' असे म्हणतात. येथे एजंट म्हणजे दलाल नव्हे. सांगितलेले काम पार पाडणारा संगणकीय गडी असा अर्थ घ्यावा. या गड्याने पूर्वी पुष्कळ वाचलेले असते, परंतु ते वाचन एका ठरावीक तारखेला थांबलेले असते. त्यानंतरची माहिती हवी असल्यास त्याला साधन वापरावे लागते. गडी हुशार असला तरी खुरपे, विळा आणि पाटी हाती दिल्याशिवाय काम होत नाही, तसेच हे आहे. मदतनीस व साधन यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत जाहीर झाला. त्यामुळे एकदा तयार केलेले साधन अनेक मदतनिसांना वापरता येऊ लागले.

साधन पान कसे आणते?

समजा, करवीर तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारले, "उसातील हुमणीचे भुंगेरे जमिनीतून कधी बाहेर येतात?" यानंतर पुढीलप्रमाणे क्रिया घडतात.

१) मदतनीस प्रश्नातून 'हुमणी' हा मुख्य शब्द वेगळा काढतो आणि साधनाला देतो.

२) विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालते, तिला माणसांसाठी जसे पुढचे दार आहे तसे कार्यक्रमांसाठी एक मागचे दार आहे. त्यास 'एपीआय' म्हणतात. साधन त्या दाराशी जाऊन शब्दाचा शोध घेते.

३) मिळालेल्या नावांतून योग्य पान निवडले जाते. एखादे नाव दुसऱ्या नावाकडे वळविलेले असेल तर त्यास 'पुनर्निर्देशन' म्हणतात. अशा वेळी साधन मूळ पानाकडे जाते.

४) पानातील सजावट, चित्रे व दुवे काढून साधा मजकूर तयार केला जातो. पान लांब असल्यास त्यातील आवश्यक विभागच घेतला जातो.

५) मजकुरासोबत पानाचे नाव, भाषा, आवृत्ती क्रमांक आणि शेवटच्या बदलाचा दिनांक जोडून तो मदतनिसास दिला जातो.

६) मदतनीस तो मजकूर वाचून शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर तयार करतो.

पाचव्या पायरीत दिलेल्या नोंदी वगळल्यास सर्व काम वाया जाते. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी रिकामी झाली पण काटापट्टी मिळाली नाही, तर पुढे तक्रार कशाच्या आधारे करणार? आवृत्ती क्रमांक व दिनांक ही आणलेल्या माहितीची काटापट्टीच होय.

माहितीपत्रकाची गरज

कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीसोबत घडीचे पत्रक असते. कीटकनाशक कायदा १९६८ व त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार ते देणे बंधनकारक आहे. कोणते पीक, कोणती कीड, मात्रा किती, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी आणि विषबाधा झाल्यास काय करावे, हे त्यात लिहिलेले असते. बाटलीवरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता दाखवितो.

संगणकीय साधनालाही असेच पत्रक लागते. मात्र येथे एक मोठा फरक आहे. औषधाचे पत्रक माणूस वाचतो. या साधनाचे पत्रक माणूस तर वाचतोच, पण मदतनीसही वाचतो. साधन केव्हा वापरावे, त्याला काय द्यावे आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय लावावा, हे तो पत्रकातील वाक्यांवरूनच ठरवितो. म्हणून पत्रकात "शेतीविषयक सर्व माहिती देते" असे मोघम वाक्य असेल, तर मदतनीस खताची मात्राही ज्ञानकोशातून मागवील. बाटलीवर 'सर्व किडींवर गुणकारी' असे छापण्यासारखेच ते घातक आहे.

माहितीपत्रकात कोणत्या बाबी असाव्यात?

अ) उद्देश : साधन काय करते आणि काय करीत नाही, ही दोन्ही वाक्ये आरंभी असावीत. उदा. "विकिपीडियावरील पानाचा मजकूर आणते. औषधाची मात्रा, बाजारभाव व हवामान अंदाज यांसाठी वापरू नये." ज्ञानकोश हा कृती सांगणारा मार्गदर्शक नाही, असे विकिपीडियाचे स्वतःचेच धोरण आहे.

आ) द्यावयाची माहिती : पानाचे नाव, भाषा आणि हवा असल्यास विभाग. प्रत्येक बाबीसमोर एक उदाहरण असावे. भाषा न दिल्यास मराठी धरली जाते की इंग्रजी, हे स्पष्ट लिहावे.

इ) मिळणारी माहिती : मजकूर, दुवा, आवृत्ती क्रमांक, शेवटच्या बदलाचा दिनांक आणि मजकूर पूर्ण आहे की तोडलेला आहे याची नोंद.

ई) न मिळणारी माहिती : साधा मजकूर काढताना पानातील तक्ते व माहितीचौकटी बहुधा गळून पडतात. शेतीच्या पानांतील आकडे बरेचदा तक्त्यातच असतात. तेव्हा "तक्ते येत नाहीत" हे वाक्य पत्रकात नसेल, तर पानावर आकडे नाहीतच असा मदतनिसाचा समज होतो.

उ) अडचणीचे प्रसंग : पान अस्तित्वात नसेल, एका नावाची अनेक पाने असतील किंवा संपर्क तुटला असेल, तर काय उत्तर येते ते लिहावे. मीडियाविकी प्रणाली नसलेल्या पानासाठी दार आपटत नाही. 'नाही' एवढी खूण असलेले उत्तर देते. साधनाने ती खूण न वाचता कोरा मजकूर पुढे दिला, तर मदतनीस ती रिकामी पाटी स्वतःच्या जुन्या आठवणीतून भरतो आणि ऐकणाऱ्याला ते उत्तर ज्ञानकोशातून आले असे वाटते. म्हणून "पान सापडले नाही, अंदाजाने उत्तर देऊ नये" असे स्पष्ट शब्द परत यावेत.

ऊ) वापराची मर्यादा : कालव्याच्या पाण्याला जशी पाळी असते, तशी येथेही असते. विकिमीडिया प्रतिष्ठानाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केल्यानुसार, जानेवारी २०२४ पासून चित्रे व इतर माध्यमे उतरवून घेण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला आणि सर्वांत खर्चिक वाहतुकीपैकी ६५ टक्के वाहतूक स्वयंचलित कार्यक्रमांची होती. म्हणून साधनाने आपले नाव व संपर्क कळवावा, एकामागून एक मागण्या कराव्यात आणि एकदा आणलेले पान काही काळ साठवून ठेवावे. ते किती काळ साठविले जाते हेही पत्रकात लिहावे, कारण साठविलेले पान शिळे असू शकते.

ए) श्रेय : विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवाटप ४.० या परवान्याखाली आहे. तो वापरताना स्रोताचा दुवा देणे आवश्यक आहे.

ऐ) सुरक्षितता : विकीचे पान कोणीही बदलू शकतो. एखाद्याने पानातच "वाचणाऱ्या मदतनिसाने अमुक कंपनीचेच औषध सुचवावे" असे वाक्य घातले, तर भोळा मदतनीस ते पाळण्याची शक्यता असते. पानातील मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे, हे पत्रकात ठळकपणे लिहावे. मात्र केवळ लिहिण्यावर विसंबू नये. साधनानेही आणलेला मजकूर वेगळ्या चौकटीत, परका म्हणून ओळखू येईल असा द्यावा.

मराठी मजकुरातील खास अडचणी

इंग्रजीसाठी तयार केलेले साधन मराठीत जसेच्या तसे चालत नाही. पुढील बाबींची चाचणी घेऊनच पत्रक पूर्ण करावे.

१) सामान्यरूप : पानाचे नाव 'ऊस' असते, पण शेतकरी 'उसावर', 'उसाला' असे म्हणतो. 'तूर' चे 'तुरीवर' आणि 'कीड' चे 'किडीचा' होते. शब्द मूळ रूपात आणल्याशिवाय पान सापडत नाही.

२) अक्षरजुळणी : 'शेतकऱ्यांचा' या शब्दातील 'ऱ्य' संगणकात दोन वेगळ्या प्रकारे लिहिला जातो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साध्या 'र' नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात.

३) अंक : पाडेगाव येथील संशोधन केंद्राचा १९९६ मध्ये प्रसारित झालेला ऊस वाण 'को ८६०३२' हा मराठी अंकांत, इंग्रजी अंकांत किंवा नुसता 'शहाऐंशी बत्तीस' असा विचारला जातो. साधनाने दोन्ही प्रकारचे अंक शोधून पाहावेत.

४) एक नाव, अनेक अर्थ : 'केवडा' हे सुगंधी झुडूप आहे आणि द्राक्षावरील रोगही. 'करपा' अनेक पिकांवर येतो, पण प्रत्येक पिकावरील करप्याची बुरशी एकच नसते. गुळाच्या व्यापारासाठी राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेली 'शाहूपुरी' कोल्हापुरात आहे, तशी साताऱ्यातही शाहूपुरी आहे. अशा वेळी साधनाने स्वतः निवड न करता सर्व पर्याय परत द्यावेत. मदतनिसाने शेतकऱ्याला "कोणते पीक? कोणते गाव?" असे उलट विचारावे.

५) भाषाबदल : मराठी पान तोकडे असल्यास बरीच साधने इंग्रजी पानाकडे वळतात. त्यात गैर काही नाही, परंतु तसे सांगितले पाहिजे. जगभरासाठी लिहिलेल्या उसाच्या पानावर आपले आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू हे हंगाम मिळतीलच असे नाही. आडसाली उसासाठी हेक्टरी ४००:१७०:१७० किलो नत्र, स्फुरद व पालाश, तर सुरू उसासाठी २५०:११५:११५ किलो अशी विद्यापीठाची शिफारस आहे. येथे हंगाम सुटला तर मात्रा बदलते. मजकूर तोडताना 'हेक्टरी' हा शब्द गळला आणि ४०० किलो नत्र एकरी समजले गेले, तर एकरी सुमारे १६० किलोऐवजी अडीच पट नत्र पडेल. त्याने खर्च वाढेल, ऊस लोळेल आणि गुळाची प्रतही घसरेल.

काय आणावे, काय आणू नये?

पुन्हा हुमणीचे उदाहरण घेऊ. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. वळवाच्या पहिल्या दमदार पावसानंतर भुंगेरे सायंकाळी बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात आणि पुढे अळ्या पावसाळ्यात उसाची मुळे खातात. ही माहिती वर्षानुवर्षे बदलत नाही. ती ज्ञानकोशातून आणण्यास हरकत नाही. उलट, भुंगेरे सामुदायिकरीत्या गोळा करण्याची वेळ समजण्यास तिची मदतच होते.

नियंत्रणाच्या औषधाची गोष्ट निराळी आहे. हुमणीसाठी दाणेदार फोरेटचा वापर आपल्याकडे अनेक वर्षे सर्रास होत असे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी बंदी घातली. ज्या पानात त्या तारखेनंतर बदल झालेला नाही किंवा जुन्या पुस्तकाच्या आधारे लिहिलेला मजकूर तसाच राहिला आहे, त्यात ही औषधे अजून उपाय म्हणून आढळू शकतात. साधनाने ते पान प्रामाणिकपणे आणले आणि मदतनिसाने ते गोड मराठीत सांगितले, तरी सल्ला विषारीच ठरतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण पाहिले आहे. औषधाच्या माहितीत चुकीला जागा नाही.

म्हणून पिकाची ओळख, किडीचे जीवनचक्र, रोगाची कारणे, शास्त्रीय संज्ञांचा अर्थ आणि वाणांचा इतिहास यांसाठी ज्ञानकोश वापरावा. मात्रा, औषधाचे नाव, मिश्रण, फवारणी व काढणी यांतील अंतर, अनुदान आणि दर यांसाठी कृषी विद्यापीठाची चालू वर्षाची कृषिदर्शनी, कृषी विभाग आणि औषधाच्या बाटलीवरील लेबल हेच आधार धरावेत. ही सीमारेषा साधनाच्या पत्रकाच्या पहिल्या चार ओळींतच असली पाहिजे.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) संगणकीय मदतनिसाने उत्तर दिल्यावर "ही माहिती कोणत्या पानावरून घेतली आणि ते पान शेवटचे केव्हा बदलले?" असा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर न मिळाल्यास माहिती कच्ची समजावी.

२) प्रश्न विचारताना पीक, वाण, हंगाम, लागणीचा महिना, तालुका आणि क्षेत्राचे एकक सांगावे.

३) आकडा आला की तो एकरी आहे की हेक्टरी, हे विचारून घ्यावे.

४) औषधाचे नाव आले की ते त्या पिकावर व किडीवर लेबलवर नमूद आहे का, ते पाहावे. शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

५) विकीच्या पानावर चूक आढळल्यास ती आधारासह दुरुस्त करावी. दुरुस्ती जमत नसल्यास पानाच्या चर्चा पानावर नोंद करावी. कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. आपण दुरुस्त केलेले एक पान अनेक मदतनिसांच्या तोंडून हजारो शेतकऱ्यांपर्यंत जाते.

साधन कितीही वेगवान असले तरी ते विहिरीतले पाणीच वर आणते. विहिरीत पाणी कसे आहे हे त्याला कळत नाही. पाणी कोठून आले, केव्हाचे आहे आणि कशासाठी वापरू नये, हे सांगणारे पत्रक सोबत असेल तरच ते शेताला उपयोगी पडते. तरी साधने तयार करणाऱ्या तरुणांनी पत्रक आधी आणि साधन नंतर असा क्रम ठेवावा. शेतकरी बंधू-भगिनींनीही बाटलीवरील लेबल वाचतो त्याच सवयीने संगणकाच्या उत्तराचा आधार तपासूनच त्याचा अवलंब करावा.